बहुधा अंडं

माझ्या थोरल्या भावाला विज्ञानाची गोडी लागली ती केबलमुळे. त्याआधी त्याला क्रिकेटची होती आणि बासुंदीची होती. नव्वदीनंतर बडोद्यात गच्चीगच्चीवरून काळ्या तारा लोंबू लागल्या, टीव्हीवर परदेशी वाहिन्या आल्या, आणि दादाला शोध लागला की जगात ज्वालामुखी आहेत, मंगळ आहे, मगरी आहेत. मगरी आमच्या विश्वामित्री नदीत पहिल्यापासून आहेत. पुलावरून खाली वाकलं की ऊन खात पडलेल्या दिसतात. पण त्यांच्याबद्दल कुणी खर्जातल्या इंग्रजीत बोलत नव्हतं, म्हणून त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

दादा कोयलीच्या बाजूला एका कारखान्यात होता. यंत्रांवरचे काटे खरं बोलतात की नाही ते बघायचं त्याचं काम. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचा, चहा प्यायचा आणि टीव्हीपुढे बसायचा. तिथे काटा तपासायची सवय त्याला कधी आठवली नाही. दिसेल ते खरं, आणि इंग्रजीत असेल तर दुप्पट खरं.

एवढ्यावर भागलं असतं तर घरातल्या घरात सोसलं असतं. पण आमच्या मराठी मंडळात दर महिन्याला आयुर्वेदावर बोलणारे एक वैद्य होते, ते मुलाकडे अमेरिकेला गेले आणि रिकाम्या जागी दादाची वर्णी लागली. 'विज्ञानवार्ता' असं नाव देऊन तो लहरीपुऱ्याजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये जगातले ताजे शोध सांगू लागला. श्रोते म्हणजे संस्थानी अधिकाऱ्यांची निवृत्त मुलं. आजोबांना दरबारात कितवी खुर्ची होती हे त्यांना तोंडपाठ, पण चंद्राला स्वतःचा उजेड आहे की नाही याबद्दल त्यांच्यात दोन तट. मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी आली तेव्हा दादाने सांगितलं, "आता माणसाचीही झेरॉक्स निघेल, बरोबर ने?" हा 'बरोबर ने' त्याचा ठेका होता. घरी शुद्ध मराठी आणि भाषणात गुजराती शेपूट. त्यावर एका आजोबांनी विचारलं की मग पेन्शन कुणाला, मूळ प्रतीला की झेरॉक्सला? सभा त्याच प्रश्नावर संपली. मानवी जनुकांचा नकाशा तयार झाला तेव्हा त्याने 'नकाशा' हा शब्द फारच मनावर घेतला आणि त्यात गुजरात कुठे येतं ते पुढच्या खेपेला सांगतो म्हणाला.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. पगार घेऊन. त्यामुळे मंडळात मला कुणी कधी बोलावलं नाही. तिसऱ्या रांगेत बसून मी आतल्या आत चरफडत असे.

आता दगडाचं सांगते, कारण सगळं रामायण त्याचं आहे.

आमच्या घरात एक दगड होता. अजून आहे. सोललेल्या नारळापेक्षा जरा मोठा, जवळजवळ गोल, राखी-तपकिरी, एका बाजूला टवका उडालेला. आजोबा संस्थानच्या मोजणी खात्यात होते. खेडा जिल्ह्याकडच्या कुठल्याशा मुक्कामात त्यांना तो ओढ्यात सापडला आणि नकाशे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांनी तो घरी आणला. पुढे माझ्या वडिलांचं बारसं आलं. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याला झबलं-टोपडं घालायचं, काजळाची तीट लावायची, गोप्या म्हणायचं, आणि पाळण्याच्या खालून एकीने द्यायचा, वरून दुसरीने घ्यायचा, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत. का, ते कुणालाही सांगता येत नाही. मूल दगडासारखं टणक निघावं म्हणून, असं म्हणतात. बहुतेक घरांत निघतंही, विशेषतः डोक्याने. तर वडिलांच्या बारशाच्या दिवशी आमच्या वरवंट्याला लाल मिरचीचं वाटण लागलेलं होतं, ते धुवायचा कुणालातरी कंटाळा आला, आणि नकाशांवरचा दगड उचलून त्याला झबलं चढवलं. आळसातून रीत झाली. पुढे वडिलांची भावंडं, दादा, मी, सगळ्यांच्या आधी तोच पाळण्यात झोपला. आळीतल्या मराठी घरांतूनही त्याला बोलावणं येई. जुनं घर विकून आम्ही छाणी रोडवरच्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा पाटा-वरवंटा भंगारात गेला, मिक्सर आला, पण गोप्या देवघराच्या खालच्या फळीवर जाऊन बसला.

त्याला सांभाळायची ती वहिनी. दादाची बायको. रेल्वे कॉलनीत वाढलेली, कमी बोलणारी. तिला दोन वेळा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोर हाती लागलं नव्हतं. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यातच सगळं संपलं. दुसऱ्या वेळी अगदी दिवस भरले होते. दोन्ही वेळा तिने गोप्यासाठी नवं झबलं शिवलं होतं आणि दोन्ही झबली घडी करून ट्रंकेत गेली. नाव ठेवायचं काम आत्याचं, म्हणजे माझं. मीही दोन्ही वेळा एकेक नाव काढून ठेवलं होतं. बारशाच्या आधी आत्याने ते कुणाला सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं. मग सांगायची वेळच आली नाही आणि ती नावं माझ्याजवळच राहिली.

नंतर भेटायला आलेल्या बायकांबद्दल न बोललेलं बरं. एकीने सोळा सोमवार सांगितले, दुसरीने पलंगाची दिशा बदलायला सांगितली, तिसरीने चहात बिस्किट बुडवत 'होतं ते बऱ्यासाठीच' म्हणून टाकलं. ते बिस्किट मी तिच्या हातातून काढून घ्यायला हवं होतं असं मला आजही वाटतं. दादाने त्या महिन्यात गुरूच्या चंद्रांवर व्याख्यान दिलं.

दोन हजार तीन साली वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले. वय छत्तिशीपुढचं, डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला गंभीर चेहरा करायच्या, आणि घरात कुणी मोठ्याने पेला ठेवत नव्हतं. वहिनी कुठला उपास करत नव्हती, कुणाला नवस बोलली नव्हती. फक्त आठवड्यातून एकदा गोप्याला तेलाचं बोट लावून पुसून ठेवायची. ह्या वेळी तो पाळण्यात जावा आणि त्याच्यामागून कुणीतरी जावं, एवढंच तिला हवं होतं. मला असल्या गोष्टींचं हसू येतं. पण तिने तेलाची वाटी मागितली की मी ती मुकाट्याने पुढे करत असे.

आणि नेमकी तेव्हाच ती बातमी आली. शेजारच्या खेडा जिल्ह्यातून बऱ्याच वर्षांपूर्वी खणून काढलेली हाडं शास्त्रज्ञांनी जुळवून पाहिली होती आणि तो डायनोसॉरचा आजवर माहीत नसलेला प्रकार निघाला होता. डोक्यावर शिंगासारखा उंचवटा, पक्का मांसाहारी, आणि नावात नर्मदा. वर्तमानपत्रांना ऊत आला. ज्या शहरात भाड्याने घर देताना 'नॉनव्हेज खाता का' हे आधी विचारतात, तिथे त्या मांसभक्षकाचा सगळ्यांना अभिमान वाटू लागला. बातमीच्या खाली चौकटीत आणखी एक माहिती होती: त्याच भागात डायनोसॉरची अंडीही घरट्याघरट्यांनी सापडतात, पण ती ओळखू येण्याआधी गावातल्या बायका गोल दगड म्हणून घरी नेऊन मसाला वाटायला वापरत असत.

दादा पोहे खात होता. चमचा तोंडाजवळ थांबला. त्याने मान वळवून देवघराकडे पाहिलं.

"आपला गोप्या!" तो ओरडला.

मला कबूल करायला आवडत नाही, पण मीही वळून देवघराकडे पाहिलं. खेडा जिल्हा, ओढा, गोल दगड. आयुष्यात एकदा दादाचा काटा बरोबर आकड्यावर येऊन थांबला असावा अशी शंका आली.

त्याच रविवारी आम्ही स्कूटरवरून एका निवृत्त भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. गोप्या भाजीच्या पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. प्राध्यापकांनी भिंग लावून टवका उडालेली बाजू पाहिली. चिनी मातीच्या बशीएवढ्या जाडीचं एक वेगळं कवच तिथे कडेने दिसत होतं. तेलाचं बोट जिथे पोचलं नव्हतं अशा एका खळग्यात बारीक बारीक पुटकुळ्याही होत्या. त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवला.

"बहुधा अंडं," ते म्हणाले. "नक्की सांगायचं तर कापावं लागेल. उजेड आरपार जाईल इतकी पातळ चकती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. नुसत्या गोल दगडांनी पुष्कळ जण फसतात."

दादाने त्यातला 'बहुधा' वाटेतच कुठेतरी सांडला. घरी पोचेपर्यंत नुसतं 'अंडं' उरलं होतं. कापायला दुसऱ्याच दिवशी न्यायची त्याची तयारी होती. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बारसं होऊ दे. मग काय ते करा."

"अगं, हा राष्ट्रीय ठेवा आहे!"

"असू दे. आधी बारसं."

तिने हात उचलला नाही. नवऱ्यासमोर ती इतकी ठाम उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दादाने कुरकुरत पिशवी सोडली, पण कापायचं थांबलं तरी सांगायचं थांबेना. दोन दिवसांत सोसायटीभर झालं. शेजारच्या गुजराती काकी रोज संध्याकाळी काहीतरी वाटीतून घेऊन येत, त्या रिकाम्या हाताने आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"बेन, तमारा घरमां ईंडुं छे?" त्यांनी माझ्या आईला विचारलं.

"अहो, दगड आहे तो," आई म्हणाली.

"पण छे तो ईंडुं ने?"

आमच्या सोसायटीत अंडी शिजवायला बंदी होती. प्रश्न सेक्रेटरींकडे गेला. ते चार्टर्ड अकाउंटंट होते, त्यांनी नीट विचार केला आणि निकाल दिला की जे उकडता येत नाही आणि ज्याचं ऑम्लेट होत नाही ते नियमात बसत नाही. विज्ञानाविषयी त्या वर्षी माझ्या कानांवर आलेलं सगळ्यात तर्कशुद्ध विधान तेच होतं. तरी काकींची वाटी दिवाळीपर्यंत बंदच राहिली.

दिवाळी झाल्यावर मंडळात दादाचं व्याख्यान ठरलं. 'आपल्या घरातला डायनोसॉर.' वहिनीला सातवा महिना होता, डॉक्टरीणबाईंनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं, हॉल तळमजल्यावर म्हणून ती आली. गोप्या टेबलावर, तांबड्या मखमलीवर, गळ्यात झेंडूचा हार. कुणीतरी उदबत्तीसुद्धा लावली होती. अध्यक्षांनी प्रास्ताविकात सांगितलं की हे अंडं आपल्या समाजाचं आहे, आणि टाळ्या पडल्या. साडेसहा कोटी वर्षं जुन्या वस्तूलाही आधी जात चिकटवून घेतल्याखेरीज आमच्या लोकांना करमत नाही.

दादा उभा राहिला.

"साडेसहा लाख वर्षांपूर्वी..."

"कोटी," मी तिसऱ्या रांगेतून म्हटलं.

"तेच ते. शून्यांचा फरक, बरोबर ने?"

पुढचं सगळं व्याख्यान तसंच. एका गृहस्थांनी उठून सांगितलं की हे पुराणातल्या गरुडाचं अंडं असावं. दादाने 'विचार करण्यासारखं आहे' म्हणून त्यांना खूश केलं. दुसऱ्यांनी विचारलं, योग्य ती ऊब दिली तर अजून काही होईल का? 'परदेशात प्रयत्न चालू आहेत,' दादा म्हणाला. एक आजी पुढे आल्या, त्यांनी दगडाला फूल वाहिलं आणि त्यांचंही बारसं ह्याच्याच सोबत झालं होतं हे दोनदा सांगितलं. मला वाटलं, उठून जावं.

तेवढ्यात मागून आवाज आला. वहिनी दाराजवळच्या खुर्चीला धरून उभी होती. भर सभेत नवऱ्याला कशी हाक मारावी ते न सुचून तिने सरळ प्रश्नच विचारला.

"मग त्याच्यातलं पिल्लू कुठे गेलं?"

दादा हसला. "पिल्लू जाणार कुठे? आतच. अंडं फुटलंच नाही ना. पिल्लू बाहेर आलं असतं तर अंडं असं अख्खं मिळालं असतं का आपल्याला? आतच राहिलं, आतच संपलं. बरोबर ने?"

लोक हसले. कुणीतरी वा वा म्हणालं. दादाच्या आजवरच्या सगळ्या व्याख्यानांत बिनचूक वाक्य तेवढं एकच होतं, आणि ते त्याने कुणाला ऐकवलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळला. वहिनी खाली बसली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग आईने दगडाकडे असं पाहिलं, जसं काही त्याने इतकी वर्षं आमच्या घरात खोट्या नावाने दिवस काढले होते.

घरी आल्यावर आईने दगड भाजीच्या पिशवीतून उचलला आणि मागच्या अंगणात, मोरीच्या कडेला नेऊन ठेवला.

"मेलेलं अंडं आजवर पोरांच्या आधी पाळण्यात घातलं," ती म्हणाली. "म्हणूनच हे सगळं. सकाळी विश्वामित्रीत टाकून या."

"वेडी आहेस का तू?" दादा म्हणाला. "संग्रहालयात देऊ. खाली आजोबांच्या नावाची पाटी."

"आणि त्या दोन पोरांची पाटी कुठे लावशील?" आईने विचारलं.

मी दोघांवरही भडकले. म्हटलं, आई, ह्याच दगडाच्या मागून दादा आला, मी आले, आमच्या आळीतली धट्टीकट्टी पन्नास पोरं आली, तेव्हा तो मेलेला नव्हता वाटतं? आणि दादा, तुला ती गोष्ट मंडळात सांगायची होती की तुझ्या बायकोला? ह्या घरात मी बरोबर बोलले की सगळे चिडतात, आणि मी नेहमी बरोबरच बोलते. सकाळी मोरीकडे पाहिलं तर दगड नव्हता. आईला वाटलं दादाने हलवला, दादाला वाटलं आईने टाकला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. दुपारी दादा पुलावर जाऊन खाली वाकून बघून आला. त्याला मगरी दिसल्या.

दोन दिवसांनी वहिनी आणि मी मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. ऊन चांगलं पडलं होतं. ती पानं खुडता खुडता म्हणाली, "वन्सं, एक विचारू? शिकवल्यासारखं सांगू नका."

"विचारा."

"त्याची आई जवळ असेल का हो? की अंडी घालून निघून गेली असेल?"

"काही जाती अंड्यांवर बसत असाव्यात," मी म्हणाले. "काही पुरून जात असतील. ह्यांचं नक्की कुणाला माहीत नाही."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमच्या भावाला सगळंच माहीत असतं."

मला हसू फुटलं, तीही हसली. मग तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"दुसऱ्या वेळी मला दाखवलं नाही. आईला दाखवू नये म्हणे, मन लागतं. तुम्ही पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं."

"मी कधी विचारलं नाही."

"हो."

"कुणासारखं होतं?"

तिला न दाखवण्याचा निर्णय ज्या जाणत्या बायकांनी घेतला होता, त्यांतली प्रत्येक मला त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसली. नऊ महिने जे हिच्या पोटात होतं ते हिला दाखवायचं की नाही हे ठरवणाऱ्या ह्या कोण? आणि मीही तिथे शहाण्यासारखी उभी होते, हातात डबा घेऊन.

"तुमच्यासारखं," मी म्हणाले. "कपाळ अगदी तुमचं. केस भरपूर."

"केस होते?"

"खूप. काळे."

ती मान हलवत राहिली. मग पुन्हा मेथी उचलली आणि आम्ही सगळी जुडी संपवली. काड्या तिने नेहमीसारख्या कागदात गुंडाळल्या.

मुलगी झाली ती उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आगेमागे. गच्च्यांवर भोंगे, आभाळात पतंग, 'काप्यो छे'चा आरडाओरडा. मंगळावर अमेरिकेची गाडी उतरली होती आणि दादा तिथल्या मातीचे फोटो पाहण्यात गुंग होता. फोन आला तेव्हा त्याने आधी टीव्हीचा आवाज कमी केला, मग रिसीव्हर उचलला, आणि मग खुर्चीत बसून हमसाहमशी रडला. मी त्याला रडू दिलं. मंगळ कुठे पळून जात नव्हता.

बाराव्या दिवशी बारसं. घर बायकांनी भरलं. पहिल्या रांगेत तीच बिस्किटवाली, नव्या पैठणीत, 'मी म्हटलं नव्हतं का' असा चेहरा करून. घुगऱ्यांचा वास सुटला होता. शेजारच्या काकी गूळ-तुपातल्या सुखडीची वाटी घेऊन आल्या होत्या आणि ह्या वेळी उंबऱ्याच्या आत आल्या. आईने गोप्याच्या जागी कुणाकडून तरी वरवंटा मागून आणला होता. मिक्सरच्या जमान्यात तो मिळायलाही तिला आमची अर्धी जुनी आळी पालथी घालावी लागली. ती त्याला टोपडं चढवायला बसली, तेव्हा वहिनी म्हणाली, "आई, तो राहू द्या."

ती उठून आत गेली आणि आपल्या पलंगाखालची ट्रंक तिने ओढली. त्यात गोप्या होता. मोरीजवळून तिनेच उचलून नेला होता, सात महिन्यांचं पोट सांभाळत. त्याच्या अंगात एक झबलं होतं, वर दुसरं. दोन्ही जुनी, घडीच्या रेघा उमटलेली. आईने तोंडाला पदर लावला. दादा दारात उभा होता, त्याने पुढे होऊन ट्रंकेचं झाकण धरून ठेवलं.

रीत अशी, की गोप्या खालून-वरून फिरवायचा, बाजूला ठेवायचा, मग बाळाला घालायचं आणि आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. बायकांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' केलं. दगड जड, एकीच्या हातून निसटता निसटता राहिला. बिस्किटवाली म्हणाली, "ठेवा आता बाजूला, मुलीला आणा." वहिनीने मुलीला उचललं नाही. तिने दगड पुन्हा पाळण्यात ठेवला, नीट उशीवर, आणि माझ्याकडे पाहिलं.

"वन्सं, आधी ह्याचं सांगा. दर वेळी ह्याला पाळण्यात घालतो आणि नाव न ठेवताच बाहेर काढतो."

बायकांत कुजबूज झाली. कुणी हसलं. कुणाला वाटलं बाळंतिणीचं डोकं फिरलं. मी विज्ञानाची शिक्षिका. तो दगड अंडं आहे की नाही हेसुद्धा शास्त्राने 'बहुधा'च्या पुढे जाऊन आजवर सांगितलेलं नाही, कारण त्यानंतर त्याला कापायचं नाव कुणी काढलं नाही. दगडाला कान नसतो हे मी पाचवीतल्या पोरालाही सांगू शकते. ह्या खोळंबलेल्या बायकांसमोर, त्या बिस्किटवालीसमोर, पाळण्यात वाकून दगडाशी कुजबुजायचं म्हणजे आयुष्यभर ज्याची टिंगल केली त्यात स्वतःच जाऊन बसायचं.

वहिनी पाहत होती. मी पदर खोचला आणि वाकले. टोपड्याची कड जरा वर केली, तेलाचा वास आला. ती जुनी दोन नावं अजून माझ्याजवळ होती. 'कुर्रर्र' करून मी पहिलं सांगितलं, मग दुसरं सांगितलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत बायकांना आठवली आणि त्या घालू लागल्या. मी बराच वेळ वर उठले नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, "अगं हळू मारा, लागलं वाटतं तिला."